वरचं तेवढं आपलं

अब्बा, परवा मी बरडावर, आपल्या त्या खडकाळ रानात, जाऊन आले. छोटेनं बोलावलं होतं. तुमच्या माघारी त्यानं त्या रानाविषयी मला पहिल्यांदाच काही विचारलं, आणि तेही फोनवर मिटवलं नाही. "तू ये, डोळ्यानं पाह्य, मंग सांग," म्हणाला. गावच्या तलावातला गाळ काढणं चालू आहे. ज्याला पाहिजे त्यानं उचलून न्यायचा. आपल्याकडची कितीतरी हलकी रानं या उन्हाळ्यात काळी झाली आहेत. छोटेचं म्हणणं असं की आपल्या बरडावरही हातभर गाळ पसरू आणि पाऊस लागला की कपाशी लावू. डंपरवाला तयार आहे, तलावात पाणी आलं की गाळ मिळायचा नाही, तेव्हा जे काय ते या आठवड्यात सांग. माझा होकार कशाला पाहिजे, तर तुम्ही जाण्याआधी त्याला सांगून ठेवलं होतं म्हणे, थोरल्या बहिणीला, आपाला, विचारल्याशिवाय बरडाला हात लावायचा नाही.

हे तुम्ही त्याला सांगितलंत, मला नाही. इतकी वर्षं मला त्याचा पत्ताही नव्हता. कळलं तेव्हा माझ्या मनात गाळाचा विचार आला नाही, कपाशीचाही नाही. तुम्ही एकदा मलाच बरड म्हणाला होतात, ते आठवलं. म्हटलं, बरडानं बरडाचा निकाल लावायचा, ही काय गंमत आहे? की त्यात काही अर्थ होता? एसटीत बसून घाट चढेपर्यंत मी हेच घोळवत होते. म्हणून ही चिठ्ठी.

तुम्हाला तुमचंच आयुष्य काय सांगायचं. पण शाळेत शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला पुढं सरकता येत नाही. वर्गातली पोरं याला कंटाळायची, आता तुम्ही ऐकून घ्या. आपलं घर गावाच्या टोकाला, अमडापूरच्या रस्त्याला लागून. दारात निंब आणि निंबाखाली तुमचं नालबंदाचं ठाणं. घाटावरच्या आसपासच्या गावांतले सगळे बैल कधी ना कधी त्या निंबाखाली आडवे झालेले आहेत. दोर टाकून बैल पाडायचा, पाय एकत्र बांधायचे, मालकानं त्याच्या मानेशी बसून शिंगं धरायची, आणि तुम्ही खूर मांडीवर घ्यायचे. आधी तासायचं, मग एका खुराला दोन नाल, कारण खूर मधून फाकलेला. बाकी वेळ तुमच्या तोंडाला कुलूप नसायचं. कोणत्या गावच्या पाटलाची सून किती भांडखोर, कुणाचा बैल मालकापेक्षा शहाणा, सगळं चालू. पण खिळा बोटात आला की तुम्ही गप्प. खुराची बाहेरची कड मेलेली असते, आपल्या नखासारखी. तिच्यात खिळा गेला तर बैलाला कळतही नाही. जरा आत गेला की जिवंत मांस. नवा मालक घाबरून विचारायचा, चाचा, दुखन का त्याले? तुम्ही कडेवर बोट फिरवून दाखवायचे. "हे पाह्य, वरचं तेवढं आपलं हाये. आतलं त्याचं हाये. आत नाई जाचं." हे मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

तुम्ही घाटावरचे आणि अम्मा घाटाखालची, वडनेर भोलजीकडची. तिकडची जमीन काळी, माणूस पुरेल इतकी खोल. अम्मा म्हणायची, आमच्याकडे मातीत खडा सापडला तर पोरं खेळायला घेऊन पळतात, आणि तुमच्याकडे दगडात माती शोधावी लागते. लग्न होऊन आली तेव्हा ती म्हणे पहिल्या दिवशी अनवाणी विहिरीवर गेली आणि रडत परत आली. त्यात तुम्ही ते रान घेतलंत. नाल्यापलीकडच्या उतारावरचं, ज्याचा मालक शहरात निघून गेला होता आणि जे कुणी फुकटातही नांगरलं नसतं. गावानं तुमची यथेच्छ मजा उडवली. निंबाखाली बसून एक जण म्हणाला, "चाचा, बैलाले ठोकता ठोकता आता जमिनीलेबी नाल ठोका." तुम्ही हातोडीवरून नजर न काढता म्हणालात, "ठोकलेलेच हायेत बाप्पा. ते दगड काय हायेत मंग?" सगळे हसले. अम्मानंही डोक्यावरचा पदर तोंडाशी धरला. पण तुम्ही ते मस्करीत बोलला नव्हतात. बकऱ्यांना बसायला जागा व्हावी म्हणून अम्मा वरचे दगड वेचायला लागली तेव्हा तुम्ही तिच्यावर केवढे ओरडलात. पाऊस उतारावर आपटतो, दगड तो मार खातात, म्हणून खालची वीतभर माती जागेवर राहते. नाल काढला की खूर झिजायला किती वेळ लागतो, हे तुम्ही तिला विचारत होता. अम्मानं टोपलं तिथंच आपटलं आणि बकऱ्या घेऊन घरी निघून गेली.

तुम्ही शहाणे होता की रान गळ्यात पडल्यावर शहाणपण सुचलं, हे मला कधी उमगलं नाही. अम्माचं मत दुसऱ्या बाजूनं होतं. पण बरड मला आवडायचा. तिथं पहारीनं टोकलं की आधी वीतभर तपकिरी माती, तीही खड्यांची. तिच्याखाली पिवळट मुरूम, हातानं चुरगळणारा. आणि मग ठण्ण. काळा कातळ. त्याच्यापुढं गाव काय, सरकारही खणू शकत नाही असं तुम्ही म्हणायचे. पाऊस पडला की खालची काळी रानं फुगून चिखल होऊन बसायची, पायाला धरायची, आणि आपण मात्र बरडावर चपला घालून फिरायचो. पाणी आलं की गेलं. आठ दिवसांत सगळा उतार हिरवा, गावात सगळ्यांच्या आधी. पवन्या, मारवेल ही गवतं, आणि पायवाटेकडेला कुसळी. पाऊस ओढला की वाळायचंही सगळ्यांच्या आधी. दिवाळीनंतर छोटे आणि मी अंगणात बसून एकमेकांच्या कपड्यांतली कुसळं उपटायचो, आणि तुम्ही कापलेलं गवत पाडलेल्या बैलापुढं टाकायचे, म्हणजे तो उठल्यावर रागात नसायचा.

आता ती गोष्ट. मशिदीत मौलवीसाहेबांकडे मी सबक घ्यायला जायची. काल पाठ केलेलं आज मला आठवायचं नाही. त्यांनी तक्रार केली ती नेमकी निंबाखाली माणसं जमलेली असताना. तुम्ही खिळे निवडत होता. वर न बघता म्हणालात, "ये लडकी का दिमाग बरड है. कित्ता भी पानी डालो, ठैरताच नै." घरात आपली बोली आणि अंगणात वऱ्हाडी असा तुमचा रिवाज होता, पण हे तुम्ही आपल्या बोलीत अंगणात बोललात आणि ते सगळ्यांना समजलं. बैल धरून बसलेला माणूस एवढा हसला की त्याच्या हातून शिंग सुटलं. त्यानं ते आपल्या गावी नेलं, तिथून ते शाळेत आलं, आणि वर्षभर पोरं मला बरड म्हणत होती. मला लागलं, अब्बा. फार लागलं. बाप मारतो ते दुखतं आणि जातं. हे गेलं नाही. पुढं मी जो काही अभ्यास केला तो हुशारीनं केला नाही, रागानं केला. पाठ केलेलं डोक्यात राहिलंच पाहिजे म्हणून बकऱ्यांमागं फिरताना मोठ्यानं म्हणायची. एखादा बोकड आजही आठवीचं नागरिकशास्त्र म्हणून दाखवेल.

आणि त्याच तुम्ही माझ्या चपलांना नाल मारले. सातवीनंतरची शाळा अमडापूरला, मधली वाट बरडावरून. चामड्याच्या चपला त्या खड्यांवर दोन महिन्यांत पातळ व्हायच्या. एक दिवस संध्याकाळी तुम्ही माझी चप्पल उचललीत, उलटी करून मांडीवर घेतलीत, अगदी खूर घ्यावा तशी, आणि टाचेला नि पुढं लोखंडी पट्टी ठोकून दिलीत. किती खूश होता तुम्ही! दुसऱ्या दिवशी शाळेच्या फरशीवर मी चालले आणि सगळा वर्ग मागं वळला. खट् खट् खट्. मुली म्हणाल्या, नालबंदाची पोरगी नाल ठोकून आली. मी घरी येऊन चप्पल तुमच्यासमोर टाकली. तुम्ही विचारलंत, काय झालं? आवाज येतो, म्हटलं. "येऊ दे ना. कोनाले समजू दे तरी, कोन येऊन राह्यलं ते." मी पुढं त्याच चपला वापरल्या, टाचा उचलून चालायला शिकले. पण खरं म्हणजे आपल्या वाटेवर, जिथं कुणी नसायचं, तिथं मी मुद्दाम आपटत चालायची. दगडावर ठिणगी पडते का पाहायची. एकदा पडली होती.

मग मी डीएड करून घाटाखाली नोकरीला लागले, आणि पुढं बऱ्याच वर्षांनी बीटी कपाशी आली. तरी दोन्ही गोष्टी मला एकदमच आठवतात, कारण सुटीला घरी यायची तेव्हा दर वेळी रस्त्याच्या कडेचं एखादं कुरण कमी झालेलं असायचं. आधी घाटाखालच्या काळीत, मग घाटावर, मग उतारांवर. बोंडअळी लागत नाही म्हणे, फवारणी नको म्हणे. लोकांनी बांध फोडले, गायरानाच्या कडा घेतल्या, जिथं मूठभर माती दिसली तिथं कपाशीची पऱ्हाटी उभी केली. तुम्ही निंबाखाली बसून निकाल दिलात, "हे दोन वर्साचं खूळ हाये." ते खूळ आजपर्यंत चालू आहे. ट्रॅक्टर बरडाच्या चढाला येऊच शकत नाही, हाही तुमचाच निकाल होता, आणि त्याच पावसाळ्याआधी शेजारच्या रानातून एक ट्रॅक्टर वर चढला आणि तुम्हाला पाहून त्यानं हॉर्न वाजवला. अम्मा कित्येक दिवस हॉर्नची नक्कल करत होती. पण गवत गेलं तसे बैल गेले, आणि बैल गेले तसं निंबाखालचं तुमचं बोलणंही कमी झालं. ऐकायला माणूसच येत नव्हता.

त्या वर्षांतला एक दिवस मला स्पष्ट दिसतो. मी पडवीत तांदूळ निवडतेय. एक बाई बैलजोडी घेऊन येते, एकटीच. जोडी आपल्या ओळखीची आहे, मालकही ओळखीचा होता. त्याच दसऱ्याच्या सुमारास तो गेला होता. कसा गेला ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं. त्या काळात अशा बातम्या घाटावरून आणि घाटाखालून येतच होत्या. बाई म्हणते, "चाचा, नाल ठोका. बजारात न्याचे हायेत उद्या." तुम्ही म्हणता, "इकाचे हायेत तर नाल काऊन, बाई? घेनारा ठोकून घेईन." ती बैलाच्या वशिंडावर हात ठेवून म्हणते, "डांबरी हाये वाट. पाय झिजतीन त्याईचे." तुम्ही दोर टाकलात. मानेशी मालकानं बसायचं असतं. छोटे पुढं झाला तर बाईनं त्याला हातानं मागं सारलं आणि ती स्वतः बसली, लुगडं खोचून, बैलाच्या कानाशी तोंड नेऊन. तुम्ही जोडीचे सोळाही नाल त्या दिवशी इतके सावकाश ठोकलेत की ऊन निंबाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं. जोडी रस्त्याला लागली तेव्हा डांबरावर तो आवाज आला. खट् खट् खट्. तुम्ही हत्यारं पोत्यात गुंडाळलीत आणि पुढं बरेच दिवस ती उघडली नाहीत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कपाशीचं पाकीट तुम्हीच घरी आणलंत. छोटेनं नाही, तुम्ही. मला पत्रातून कळलं तेव्हा मी हसले, मग मला वाईट वाटलं. काम नसलेल्या माणसाला हात कुठं ठेवावेत हे कळत नाही, तेवढंच ते होतं. ज्या दगडांसाठी अम्मावर ओरडला होतात ते तुम्ही स्वतः वेचून कडेला ढीग घातलेत. ट्रॅक्टर बोलावलात. अर्धं रान फाडून झालं आणि तो थांबला. का थांबला यावर घरात दोन मतं आहेत. तुम्ही सांगायचे, गवताच्या मुळ्या वर आलेल्या पाहिल्या आणि मीच हात केला. अम्मा सांगायची, डिझेल संपलं. काय असेल ते असो, अर्धं फाटलं आणि अर्धं राहिलं. पहिल्या वर्षी पाऊस थोडा थोडा पण सतत पडत राहिला आणि बरडावर पऱ्हाटी कमरेला आली. कापूस घरात ठेवायला जागा नाही, छोटे त्या ढिगावर झोपायचा. तुम्ही गावातून असे फिरत होता की कातळातून तुम्हीच झरा काढला आहे. दुसऱ्या वर्षी ऐन वाढीच्या वेळी पावसानं ताण दिला. खालच्या काळीनं तो सोसला, तिच्या पोटात ओल होती. बरडाच्या पोटात काय असणार? पानं लाल पडली, बोंडं सुपारीएवढी राहिली. मी पोळ्याला आले होते. तुम्ही एक पऱ्हाटी उपटून आणलीत आणि ऐरणीवर ठेवलीत. तिचं सोटमूळ वीतभर सरळ गेलं होतं आणि मुरमाला टेकून काटकोनात आडवं वळलं होतं. चुकीच्या जागी ठोकलेला खिळा असाच वाकतो. तुम्ही ते मूळ बोटांनी सरळ करून पाहिलंत, ते मोडलं. "खिळा जिवंतात गेला," एवढंच म्हणालात. त्या दिवशी पोळा होता आणि निंबाखाली एकही बैल आला नव्हता.

तुम्ही गेलात तो भर उन्हाळा होता. कबरस्तानही बरड जमिनीवरच. गावानं त्याच्या कामाची नसलेली जमीन तिथं दिलेली, सगळीकडेच देतात. खोदणाऱ्यांनी आधी पाणी ओतून मुरूम भिजू दिला, मग पहारी चालवल्या. आम्ही बायका घरात बसलो होतो आणि उतारावरून तो आवाज येत होता, लोखंड दगडावर. मला ठाऊक होतं ते काय आहे. तरी मला वाटत राहिलं की तुम्ही निंबाखाली कुणाचा तरी बैल घेऊन बसला आहात. कातळ लागला म्हणून पाहिजे तेवढी खोल गेली नाही कबर. वर दगड रचले. अम्मा म्हणाली, "मेल्यावर तरी मऊ मातीत झोपायचं, ते पण जमलं नाही या माणसाला," आणि मग ती रडायला लागली, तोवर रडली नव्हती. आता तीही तुमच्या शेजारीच आहे. तिच्या वेळीही पहारी तशाच वाजल्या. घाटाखालची पोरगी, शेवटी दगडातच राहिली.

परवा छोटे मला एसटी स्टँडवर घ्यायला आला. निंबाखाली आता त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. तुमची ऐरण तिथंच आहे, तिच्यावर तो ट्रॉलीचे हूक सरळ करतो. गुडघे दुखतात त्याचे, पण सांगत नाही, उतरताना बाजूनं उतरतो. बरडावर जाईपर्यंत तो बोलत होता आणि त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. "आपा, बकऱ्या इकल्या. गवत कोन घेते आता? दर उन्हायात कोनी तरी बिडी फेकते अन् सारं जळते. मी काय राखन करू? हे दुकान म्हतारपनी होनार नाई मह्याच्यानं. रानानं काई द्याले पाह्यजे का नाई?" मी म्हटलं, पाहिजे. मी घाटाखाली पक्क्या घरात राहते, महिन्याच्या महिन्याला पेन्शन घेते. मी बरडाच्या आठवणी काढायच्या आणि त्यानं त्यावर पोट भरायचं, हे मला पटणारं नव्हतं. दुसरीकडे तो हिरवा उतार काळ्या गाळाखाली जायचा म्हटलं की माझा जीव वर-खाली होत होता. तुम्ही मला फार अडचणीत टाकलंत हो, अब्बा. मी हो म्हटलं तर बरड जाणार, नाही म्हटलं तर भाऊ उपाशी ठेवल्यासारखं होणार.

मी त्याला पहार मागितली. तो हसला, मास्तरीण पहार मारणार. पण मारली त्यानंच, मी जागा दाखवल्या. तुम्ही फाडलेल्या अर्ध्यात पहिल्याच घावाला पिवळा मुरूम वर आला. इतक्या वर्षांत तिथं गवत परत आलेलं नाही. तरवड आहे, गोखरू आहे, आणि पावसानं कोरलेल्या चळी आहेत, वरून खालपर्यंत. वेचलेल्या दगडांचा तुमचा ढीग कडेला तसाच. न फाडलेल्या अर्ध्यात पहार घातली तर ती आधी मुळ्यांतच अडकली. वाळलेलं गवत, पण खाली दाट जाळं, आणि त्या जाळ्यानं वीतभर माती घट्ट धरून ठेवलेली. ढेकूळ उचललं तर ते फुटेना. मी ते नाकाला लावलं. मे महिन्यात, त्या उन्हात, त्याला वास होता. दोन्हींच्या मधोमध नांगराची रेघ अजून दिसते, वर्गात फळ्यावर मारावी तशी सरळ. मी त्या रेघेवर उभी राहिले आणि मला उत्तर सापडलं.

"मंग? हाव का नाई?" छोटेनं विचारलं.

"हावबी अन् नाईबी."

"मास्तरीण झाली तरी तुह्यं उत्तर कदी एका शब्दात येनार नाई."

मी सांगितलं, या फाटलेल्या अर्ध्यात गाळ टाक. हातभर नको, चार बोटं टाक आणि मुरमात कालवून घे, नाही तर पहिल्या जोराच्या पावसात सगळा नाल्यात बसेल. वेचलेले दगड उताराला आडवे रच, बांध घाल. कपाशी लाव नाही तर तूर लाव, तुझी मर्जी. पण रेघेच्या पलीकडे डंपर जाणार नाही. त्यानं एक खडा पायानं उडवला. त्याच्या मनात पूर्ण रानाचा हिशेब होता, तो मी अर्ध्यावर आणला होता, आणि त्याला राग आला होता हे मला त्याच्या मानेवरून कळत होतं. "अर्ध्यात काय होते, आपा?"

"अब्बानं अर्ध्यातच थांबवलं होतं."

"डिझेल संपलं होतं."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि जे हसायला लागलो ते हिवराच्या झाडाच्या बुडाशी बसावं लागलं. त्याला खोकला आला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अम्मा असती तर तिनं हॉर्न वाजवून दाखवला असता. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, बरं, अर्धं तर अर्धं, डंपरवाल्याले सांगतो. पुढं गवताच्या बाजूनं चर मारून जाळपट्टा काढायचा, म्हणजे बिडीची आग आत यायची नाही, हे त्यानंच सुचवलं. आणि घाटाखाली माझ्या ओळखीत कुणाच्या म्हशी असतील तर गवत विचारून बघ म्हणाला. विचारते म्हटलं. मी विचारलंही आहे.

उतरताना तो पुढं होता, बाजूनं पाय टाकत. मी मागून विचारलं, अब्बानं तुला मला विचारायला का सांगितलं होतं? घरात राहणारा तू होतास, रान तुझ्या हातात. तो वळला नाही. तुमच्या आवाजात, तुमच्याच बोलीत म्हणाला, "बोले, आपा को पूछ. वो भी बरडच है. ऊपर से जल्दी हरी होती, जल्दी सूखती. पन नीचे से हिलती नै."

एवढंच. आणि तो पुढं निघाला. मी तिथंच उभी राहिले. आयुष्यभर मी तुमच्या एका वाक्याच्या रागावर चालत आले होते, आणि त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग असा उतारावर, भावाच्या पाठीकडून मिळाला. मला तुमचा राग आला, हे तेव्हा सांगता येत नव्हतं का? आणि मला इतकं बरं वाटलं की पायाखालचे खडे मी मुद्दाम वाजवत उतरले, रबराच्या चपलांत जितके वाजतील तितके.

ही चिठ्ठी कुठं पाठवायची नाही. तुम्ही हयात असतात तरी पाठवली नसती. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुम्ही ती निंबाखाली कुणाकडून तरी वाचून घेतली असती आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या घाटावर झाली असती. पण एक गोष्ट लिहून ठेवते. छोटेची जीभ लहानपणापासून गोड. त्याच्या दुकानातून गिऱ्हाईक कधी नाराज होऊन जात नाही. त्या दिवशी त्याची बहीण दुपारभर उन्हात घामाघूम झाली होती, आणि तिला काय ऐकायचं आहे हे त्याला तिच्यापेक्षा आधी कळलं असेल. वर्गात एखादं पोरगं असं काही सांगायला लागलं तर मी त्याला सोडत नसे. कधी म्हणाले, कुठं म्हणाले, तेव्हा अजून कोण होतं, सगळं विचारायची. छोटेला मी यातलं काही विचारलं नाही, अब्बा. विचारणारही नाही. ते तुम्हीच म्हणाला होतात, असं मी धरून चालले आहे.